विश्लेषण : स्विमिंग पूलचे डाग घासून का जात नाहीत? क्लोरीन टाकल्यावर ते अधिक गडद का होतात?

लोणावळा, कर्जत, अलिबाग किंवा गोव्यात खासगी स्विमिंग पूल असलेला बंगला ही आता नवलाई राहिलेली नाही. अशा बंगल्यांमध्ये एक तक्रार हमखास ऐकू येते. पूल रिकामा करून घासला, बोअरचे पाणी भरले, पाणी काचेसारखे स्वच्छ. संध्याकाळी क्लोरीन टाकले आणि सकाळी पाण्याला चहाचा रंग आला. दोन दिवसांनी पाणी पुन्हा नितळ झाले, पण पायऱ्यांवर आणि तळाच्या टाइल्सवर तपकिरी डाग उमटले. मग आणखी क्लोरीन, आणखी ब्रश. डाग अधिकच गडद. शेवटी देखभाल करणाऱ्या माणसाला बोलणी बसतात आणि त्याच्या हातात फरशी धुण्याच्या अ‍ॅसिडचा कॅन दिला जातो.

या माणसाने बहुधा कामात कुचराई केलेली नसते. डाग मळाचा नसून पाण्यातून बाहेर पडलेल्या धातूचा असतो, आणि तो बाहेर पडण्याचे कारण क्लोरीन हेच असते. निदान न करता केलेला उपचार येथे पैसे, पाणी आणि प्रसंगी जिवाशीही खेळतो.

नितळ पाण्यातून डाग येतो कुठून?

जमिनीखाली, प्राणवायू कमी असलेल्या ठिकाणी लोह पाण्यात विरघळलेल्या अवस्थेत असते. या अवस्थेत त्याला रंग नसतो. बोअरचे पाणी बादलीत घेतले तर ते स्वच्छच दिसते. पण हवेशी आणि विशेषतः क्लोरीनशी गाठ पडली की लोहाचे ऑक्सिडीकरण होते, म्हणजे सोप्या भाषेत ते गंजते. गंजलेले लोह पाण्यात विरघळत नाही. त्याचे सूक्ष्म कण आधी पाण्याला तपकिरी रंग देतात, मग तळाशी, पायऱ्यांवर आणि टाइल्सच्या सांध्यांतील सिमेंटच्या ग्राउटवर बसतात. मँगनीजचेही असेच होते, फक्त त्याचा डाग काळपट असतो.

किती लोह पुरेसे असते? अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने पाण्याची चव आणि डाग यांचा विचार करून घातलेली मर्यादा लोहासाठी लिटरमागे ०.३ मिलिग्रॅम आणि मँगनीजसाठी ०.०५ मिलिग्रॅम आहे. आकडा क्षुल्लक वाटतो. पण आठ मीटर लांब, चार मीटर रुंद आणि सरासरी दीड मीटर खोल पूल धरला तर त्यात ४८ हजार लिटर पाणी मावते. ०.३ मिलिग्रॅमच्या हिशेबानेही त्यात १४ ग्रॅमहून अधिक लोह येते. पांढऱ्या किंवा फिकट निळ्या मोझॅइकवर डाग पाडायला तेवढे पुष्कळ झाले.

शिवाय हे लोह वाढत जाते. उन्हाळ्यात रोज सहा मिलिमीटर बाष्पीभवन धरले तर या पूलमधून दिवसाला सुमारे १९० लिटर पाणी उडते. वाफ जाते, धातू मागे राहतात. तूट भरून काढायला पुन्हा तेच बोअरचे पाणी सोडले जाते आणि महिन्याभरात जवळपास पावणेसहा हजार लिटर पाण्यातले लोह पूलमध्ये जमा होते. पहिल्या वर्षी न दिसलेले डाग दुसऱ्या वर्षी दिसू लागतात ते यामुळे.

कोकण आणि गोव्यातील जांभा दगड लोह आणि अ‍ॅल्युमिनियमच्या ऑक्साइडनेच बनलेला असतो. त्याचा तांबूस रंग लोहाचा. गोव्यात तर लोहखनिजाबरोबर मँगनीजचेही साठे आहेत. त्यामुळे या पट्ट्यात बोअरच्या पाण्यावर पूल भरताना धातूंची शंका आधी घ्यावी. घाटावर, बेसॉल्टच्या प्रदेशात, पाण्याचा जडपणा हा अधिक नेहमीचा त्रास असतो आणि त्याचे डाग पांढरे असतात. अर्थात बोअरचा लोखंडी केसिंग पाइप, जुनी जीआय पाइपलाइन किंवा आतून गंजलेला टँकर असेल तर कोणत्याही गावात तपकिरी डाग पडू शकतात.

रंग पाहून कारण ओळखता येते का?

निम्मे काम होते. तपकिरी, नारिंगी किंवा तांबूस डाग म्हणजे बहुधा लोह. जांभळट काळा म्हणजे मँगनीज. निळसर हिरवा म्हणजे तांबे. पण तांबे जमिनीतून क्वचितच येते, ते आपण टाकतो. शेवाळ मारण्यासाठी पाण्यात मोरचूद टाकण्याची पद्धत जुनी आहे. मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट. बाजारातल्या अनेक शेवाळनाशकांतही तांबेच असते. पाणी गरम करायला हीटर बसवला असेल आणि त्यातली नळी तांब्याची असेल, तर आम्लयुक्त पाणी ती हळूहळू खाते. आपल्याकडे सर्रास वापरल्या जाणाऱ्या टीसीसीए ९० या क्लोरीनच्या गोळ्या पाण्याचा सामू, म्हणजे पीएच, खाली आणतात. सामू न मोजता महिनोन्‌महिने त्याच गोळ्या टाकत राहिले की हीटरची नळी झिजते आणि ते तांबे टाइल्सवर चढते. पोहणाऱ्यांच्या पांढऱ्या किंवा रंगवलेल्या फिकट केसांना हिरवट झाक येऊ लागली तर दोष क्लोरीनला दिला जातो, मात्र तो रंग तांब्याचा असतो.

गोंधळ होतो तो झाडांच्या बाबतीत. पूलकडेला बदामाचे झाड शोभून दिसते, पण त्याच्या पानांत टॅनिन भरपूर. साग, जांभूळ यांचेही तसेच. ओली पाने तळाशी दोन-चार दिवस पडून राहिली की पानाच्या आकाराचा तपकिरी ठसा उमटतो, तो लोहाच्या डागासारखाच दिसतो. आणि पाण्यात लोहही असेल तर टॅनिन व लोह मिळून चक्क काळा रंग तयार होतो. कलमकारीचे कारागीर हेच मुद्दाम करतात. हिरड्याच्या पाण्यात भिजवलेल्या कापडावर गूळ आणि गंजलेले लोखंड आंबवून केलेले पाणी लावले की काळी रेघ उमटते. तीच रंगशाळा पूलच्या तळाशी चालू असते, फक्त कुणी बोलावलेली नसते.

काळे ठिपके बोटाला बुळबुळीत लागत असतील आणि ग्राउटमध्ये घट्ट रुतून बसलेले असतील तर ते काळे शेवाळ समजावे. शास्त्रीयदृष्ट्या ते शेवाळ नसून सायनोबॅक्टेरिया असतात. पाण्याच्या पातळीला लागून तेलकट पिवळट पट्टा दिसत असेल तर फार डोके चालवू नये. ते सनस्क्रीन आणि डोक्याचे खोबरेल असते, खाण्याच्या सोड्याची पेस्ट लावून पुसले की निघते.

मग खात्रीची चाचणी कोणती?

व्हिटॅमिन सी. म्हणजेच अ‍ॅस्कॉर्बिक अ‍ॅसिड. त्याची पांढरी पूड चमचाभर घेऊन जुन्या मोज्यात किंवा सुती फडक्यात बांधावी आणि पाण्याखालच्या डागावर मिनिट-दोन मिनिटे दाबून धरावी. चघळायच्या नारिंगी गोळ्या टाळाव्यात, त्यात साखर आणि रंग असतो. पुरचुंडी उचलल्यावर तेवढीच जागा फिकट झाली असेल तर डाग लोहाचा किंवा मँगनीजचा. व्हिटॅमिन सी येथे क्लोरीनच्या नेमके उलटे काम करते. क्लोरीनने लोहाला गंजवले, हे त्याला पुन्हा विरघळणाऱ्या अवस्थेत आणते.

फरक पडला नाही आणि डाग निळसर असेल तर दुसऱ्या जागी लिंबूसत्व, म्हणजे सायट्रिक अ‍ॅसिड, तसेच लावून पाहावे. तांबे त्याला अधिक दाद देते.

पानांचा किंवा शेवाळाचा संशय असेल तर क्लोरीनची चाचणी करावी. हातमोजा घालून टीसीसीएची गोळी डागावर काही मिनिटे धरावी. डाग उडाला तर तो सेंद्रिय. ही चाचणी टाइल किंवा सिमेंटच्या पूलसाठीच आहे. फायबरच्या पूलचा किंवा प्लास्टिक लायनरचा रंगच गोळीने उडतो, तेव्हा तेथे व्हिटॅमिन सीच्या निकालावरून अंदाज बांधावा. दोन्ही चाचण्यांसाठी एकच फडके किंवा एकच भांडे कदापि वापरू नये. क्लोरीनची पूड आणि कोणतेही आम्ल एकत्र आले की विषारी वायू सुटतो.

दोन्हींनी काहीच झाले नाही, डाग पांढरट आहे आणि नखाला खरखरीत लागतो, तर तो क्षाराचा थर. पाण्याबाहेरच्या भागावर व्हिनेगरचे थेंब टाकावेत, बुडबुडे आले तर कॅल्शियम कार्बोनेट.

धातूचे डाग काढायचे कसे?

पूल रिकामा न करता. हे मुद्दाम सांगावे लागते, कारण सल्ला देणारा पहिला माणूस बहुधा पाणी सोडून द्यायला सांगतो. ४८ हजार लिटर म्हणजे दहा हजारी पाच टँकर. ऐन मेमध्ये तेवढे पाणी गटारात सोडून, पुन्हा त्याच बोअरने पूल भरला तर आठवड्यात डाग परत येतात.

पाण्यातला क्लोरीन आधी उतरू द्यावा लागतो. दोन-तीन दिवस नवा क्लोरीन टाकला नाही तर कडक उन्हात तो आपोआप शून्याच्या जवळ येतो. घाई असेल तर सोडियम थायोसल्फेट, फोटोग्राफर ज्याला हायपो म्हणत तेच, तो लगेच उतरवते. क्लोरीन शिल्लक असताना व्हिटॅमिन सी टाकले तर ते डागावर जाण्याआधी क्लोरीनशीच लढून संपते आणि पैसे पाण्यात जातात. या काळात पाण्यात जंतुनाशक नसते, त्यामुळे पूल पोहण्यासाठी पूर्ण बंद हवा, मग आठवडाअखेरचे बुकिंग हातचे गेले तरी चालेल. शेवाळ धरू नये म्हणून तांबे नसलेले शेवाळनाशक टाकून ठेवावे.

सामू ७.२ च्या आसपास आणून पंप चालू ठेवावा आणि दर हजार लिटरला ६ ते १२ ग्रॅम या हिशेबाने व्हिटॅमिन सीची पूड डागांवर भुरभुरावी. आपल्या उदाहरणातल्या पूलला साधारण ३०० ते ६०० ग्रॅम लागतील. औषधाच्या दुकानातल्या गोळ्यांनी हे परवडणार नाही, रसायनांच्या ठोक दुकानात पूड किलोने मिळते. लोहाचे डाग काही तासांत, फार तर दिवसभरात जातात. वर्षानुवर्षे ब्रशने न निघालेला डाग असा हलकेच निघताना पाहून देखभाल करणारेही चकित होतात.

बरेच जण येथेच थांबतात आणि फसतात. लोह नाहीसे झालेले नाही, ते पुन्हा पाण्यात गेले आहे. सामू चढला, क्लोरीन टाकला की ते पुन्हा टाइलवर येणार. म्हणून डाग जाताच त्याच दिवशी धातूला धरून ठेवणारे रसायन टाकायचे. विक्रेते त्याला सिक्वेस्ट्रंट म्हणतात. एचईडीपी किंवा फॉस्फोनिक अ‍ॅसिड हा घटक असलेले घ्यावे. त्यानंतर क्लोरीन थोडाथोडा, आठवडाभर वेळ घेऊन, नेहमीच्या पातळीवर आणायचा. सुरुवातीला टाकलेला क्लोरीन जणू गायब होतो, कारण उरलेले व्हिटॅमिन सी तो खात असते. घाबरून एकदम मोठा डोस टाकू नये. क्लोरीन पुरेसा चढल्याशिवाय कुणालाही पाण्यात उतरू देऊ नये. सिक्वेस्ट्रंटही कायमचे नसते, क्लोरीन त्याला हळूहळू मोडतो. विक्रेत्याने दिलेल्या प्रमाणात ते ठरावीक दिवसांनी टाकत राहावे लागते.

पाणी नुकतेच चहासारखे झाले असेल आणि डाग अजून बसले नसतील, तर याहून स्वस्त मार्ग आहे. तुरटी फिरवून पंप बंद ठेवावा. रात्रभरात लोहाचे कण खाली बसतात. सकाळी हा गाळ व्हॅक्यूमने थेट बाहेर सोडावा, फिल्टरमधून नेऊ नये. धातू पूलमधून खरोखर बाहेर काढायची हीच संधी असते.

पानांचे आणि शेवाळाचे डाग त्या मानाने सोपे. क्लोरीनची पातळी काही दिवस चढी ठेवून ब्रश मारला की जातात. टॅनिन आणि लोहाच्या काळ्या डागाला मात्र दोन्ही उपचार लागतात, आधी क्लोरीन, तो उतरल्यावर व्हिटॅमिन सी.

सरळ अ‍ॅसिडने धुतले तर काय बिघडते?

डाग जातो, हे खरे. त्याबरोबर ग्राउटही जाते. हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड काचेच्या मोझॅइकला फारसे काही करत नाही, पण सांध्यांतले सिमेंट विरघळवते. सांधे खोलगट आणि खरखरीत होतात. पुढच्या खेपेला लोह, शेवाळ आणि तेल याच खाचांत आधी धरते. दरवर्षी अ‍ॅसिडने धुतलेल्या पूलच्या टाइल्स पोकळ वाजू लागतात आणि मग दुरुस्तीचा खर्च लाखांत जातो.

धोका त्याहून मोठा आहे. रिकामा पूल म्हणजे चार भिंतींचा खड्डा. तळाशी ब्लीचिंग पावडरचा गाळ राहिलेला असतो आणि त्यावर अ‍ॅसिड ओतले जाते. त्यातून सुटणारा क्लोरीन वायू हवेपेक्षा सुमारे अडीच पट जड असतो, तो वर उडून न जाता खड्ड्यातच साचतो. नेमका तेथे, बहुधा तोंडाला रुमाल बांधून, माणूस उभा असतो. रुमालाने हा वायू अडत नाही. अ‍ॅसिड वापरणे अपरिहार्य असेल तर ब्लीचिंगचा कणही न उरेल असे आधी धुणे, अ‍ॅसिड पाण्यात ओतणे, पाणी अ‍ॅसिडमध्ये नव्हे, योग्य मास्क, चष्मा, बूट आणि वर दुसरा माणूस, एवढे तरी हवेच. हे पुरवता येत नसेल तर डाग राहू द्यावा.

पावसाळ्यात रिकामा केलेला पूल आणखी एका कारणाने घातक. कोकणात जुलैमध्ये भूजल जमिनीलगत येते. पाण्याचे वजन आत नसेल तर खालचे पाणी रिकाम्या टाकीला होडीसारखे वर उचलते. सिमेंटच्या पूलला तडे जातात, फायबरचा तर आख्खा वर येऊ शकतो.

पांढरा थर आणि परतून येणारा एकच ठिपका

जड पाणी, चढा सामू आणि बाष्पीभवन एकत्र आले की पाण्याच्या पातळीला पांढरा थर धरतो. पाणी क्षार सोडणार की सिमेंटमधून ओढून घेणार, याचे गणित कॅलिफोर्निया विद्यापीठातील प्राध्यापक विल्फ्रेड लँगलियर यांनी १९३६ मध्ये मांडले. मुळात पाइपलाइनसाठी असलेला त्यांचा निर्देशांक आज पूलसाठीही वापरतात. व्यवहारात सामू ७.२ ते ७.६ ठेवला तर बराचसा थर धरतच नाही. धरलेला थर सौम्य आम्लाने आणि प्युमिस दगडाने निघतो, मात्र काचेवर दगड आधी कोपऱ्यात चालवून ओरखडे पडतात का ते पाहावे. ब्लीचिंग पावडरमध्ये चुना असतो, तिच्यावर चालणाऱ्या पूलमध्ये हा त्रास अधिक.

सगळे डाग गेले आणि एकच नारिंगी ठिपका त्याच जागी परत येत राहिला, तर पाण्याला दोष देऊ नये. आत सळई किंवा बांधकामात राहिलेली तार गंजत असते. तेथे टाइल काढून, गंजलेले लोखंड कापून किंवा साफ करून, जागा जलरोधक मसाल्याने बुजवावी लागते. केसांची पिन, शिडीचा नट, लोखंडी खुर्चीचा पायही असा ठिपका देतात, तेव्हा फोडाफोडीआधी तळ नीट पाहावा. पूलकडेच्या हिरवळीला हिराकस दिले असेल तर तेही वाऱ्याने, पावसाने आत येते. हिराकस म्हणजे लोहाचाच क्षार.

पूल भरण्याआधी काय तपासावे?

प्रयोगशाळेत लोह, मँगनीज आणि जडपणा तपासून घेणे सर्वात चांगले. ते जमत नसेल तर पांढरी बादली घ्यावी. बोअरचे किंवा टँकरचे ताजे पाणी भरून त्यात अर्धा चमचा ब्लीचिंग पावडर ढवळावी आणि रात्रभर ठेवावी. पावडरीचा पांढरा गाळ तळाशी बसेलच, तो सोडून द्यावा. पाणी किंवा गाळ तपकिरी अथवा काळपट दिसला तर ते पाणी तसेच पूलमध्ये सोडू नये. आधी हौदात कारंज्यासारखे उंचावरून पाडावे, हवा लागू द्यावी, दिवसभर निवळू द्यावे आणि वरचे पाणी गाळून घ्यावे. लोह बरेचसे हौदातच राहते. मँगनीज एवढ्याने जात नाही, त्याला वेगळा फिल्टर लागतो. टँकरवाला बदलला की बादलीची चाचणी पुन्हा करावी.